मोरचूद आणि मिरवेल

सोमवारच्या पहिल्या बसनं फोंड्याला येताना
माझ्या पिशवीत जेवणाच्या डब्याखाली
ओल्या फडक्यात मिरवेलीची पानं असतात,
केरीच्या कुळागरातली,
फटी गावडेनं पोफळीवरून उतरता उतरता खुडलेली.
"इतलीं कित्याक गो?" तो विचारतो.
काढ्यासाठी, मी म्हणते.
अगदीच खोटं नाही ते.

तीन पाण्यांनी धुवायची.
सावलीत वाळवायची, उन्हात नाही.
मग साठ अंशांवर वीस मिनिटं,
आणि गाळणकागदातून थेंब थेंब
कोऱ्या चहाहून जरा गडद असं काही उतरतं.
पलीकडच्या टेबलावरचा रोहिदास शिंकतो,
खिडकी उघडतो, पुन्हा शिंकतो.

मोरचुदाचं पाणी निळं.
अर्क पडला की निळ्याचं हिरवं,
हिरव्याचं शेवाळी,
शेवाळीचं मातकट,
आणि तिथं मी घड्याळ बघायचं विसरते.
नोंदवहीत वेळेची ती एक चौकट रिकामी.
लुर्दिन मॅडमनी तिथं लाल प्रश्नचिन्ह काढलंय.

पूड भट्टीत घालायची नाही,
पानाचा अंश जळून जाईल.
रात्रभर ऐंशी अंशांवर ठेवायची.
सकाळी बशीच्या तळाला चिमूटभर काळं:
तांब्याचं ऑक्साईड.
एकेक कण केसाच्या जाडीचा दोन हजारावा भाग,
आणि प्रत्येकाभोवती पानातलं कुणीतरी
अजून कडं करून उभं,
म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत.
कोण? फिनॉल? अल्कलॉइड?
निबंधात आम्ही लिहिलंय "बहुधा".
मॅडमनी तो शब्द तीनदा खोडला,
चौथ्यांदा राहू दिला.

फटीची नखं मे महिन्यापासून हिरवट असतात.
मोरचूद, चुना, पाठीवर पंप,
घोसाघोसावर फवारा, नाहीतर कोळेरोग
कोवळी सुपारी खाली आणतो.
तळव्याच्या भेगांत ते पाणी शिरतं.
पेजेबरोबर तोरांचं लोणचं तो बोटानं नाही,
चमच्यानं घेतो.

बुरशी बशीत कापसासारखी पसरते.
सात दिवसांत काठाला टेकते.
आमच्या बशीत ती रुपयाएवढी झाली
आणि थांबली.
तांबं फटीच्या पंपातल्याच्या दहाव्या हिश्शाचं!
रोहिदासनं कॅन्टीनमधून भजी आणली.
मी पट्टी लावून पुन्हा मोजलं,
मग पुन्हा एकदा, नुसतंच, मजेसाठी.

मॅडम म्हणाल्या, आता पाटाचं पाणी आण.
काचेच्या भांड्यात वीस पाणपिसवा सोडल्या,
टाचणीच्या डोक्याएवढ्या, उड्या मारणाऱ्या.
वर आमची पूड, अगदी कणभर.
दुसऱ्या दिवशी सतरा तळाला.
शेजारच्या नुसत्या अर्काच्या भांड्यात
वीसच्या वीस उड्या मारत होत्या.

पानानं घडवलं म्हणून
ते पान होत नाही.
हे वाक्य मी निबंधात लिहिलं नाही.
तिथं लिहिला आकडा, आणि त्याच्यापुढे
अधिक-उणे.

रविवारी फटीनं कुपी उजेडात धरून हलवली.
"म्हणजे हेंय मोरचूदच न्हय?"
हो, म्हटलं. आणि तसं नाहीही.
तो हसला. तळवा पुढे केला,
भेगांसकट.
"घाल हांगा. म्हज्या हाताक कळटलें."
मी बूच घट्ट लावलं.
जरा जास्तच घट्ट.

कुपी आता शीतपेटीत आहे,
चिठ्ठीवर तारीख आणि "घोळ ११".
बाराव्याला तांबं आणखी निम्मं करायचं ठरलंय.
पानं हवीत.
फटी पायांत दोरीचा फास अडकवून वर निघतो.
मिरवेल त्याच पोफळीवर चढलेली,
आणि तिच्या पेरापेरापाशी
तो पाऊल थोडं तिरकं टाकतो.